एका बेटावरचा हमिंगबर्ड आणि आपल्या टेकडीवरचं कंदीलपुष्प, दोघांत मला सारखेपणा दिसतोय, तुम्हाला काय वाटतं?

तापीकाठ :

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आणि थोडी पपई, पाखरं बघायचा नाद लहानपणापासूनचा. धागा काढायचं कारण असं की पोळ्याला बहीण आली होती, तिचा मुलगा सहावीत आहे, त्याने मोबाईलवर एका हमिंगबर्डचा व्हिडिओ दाखवला. चिली देशाच्या एका बेटावरचा. नर भाजलेल्या विटेच्या रंगाचा, डोक्यावर सोनेरी-लाल टोपी, ऊन पडलं की निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखी भडकते. मादी अगदीच वेगळी, वरून निळसर हिरवी, खालून पांढरी आणि त्यावर हिरवे ठिपके. इतकी वेगळी की आधी दोघांना दोन वेगवेगळ्या जाती समजून नावं दिली गेली होती. नाव हुआन फर्नांडेझ फायरक्राउन. आख्ख्या जगात हा पक्षी फक्त रॉबिन्सन क्रूसो बेटावर उरलाय, किनाऱ्यापासून साधारण ६७० किलोमीटर आत समुद्रात, आणि बेट केवढं तर ४८ चौरस किलोमीटर. शेजारच्या दुसऱ्या बेटावर पण होता, तिथून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपला.

रात्रभर माझ्या डोक्यातून ते पाखरू जाईना. दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन सातपुड्यात माझ्या तडवी मित्राकडे गेलो, [जागेचं नाव काढलंय, कारण खाली रानवेल ताईंच्या प्रतिसादात आहे], तर त्याच्या घरामागच्या टेकडीवर, दगडाच्या कपारीतून वर आलेल्या एका काटेरी झुडपावर एक बारीक वेल चढलेली होती. मी तर पुढे गेलो होतो, भाच्यानेच हाक मारली, मामा हे बघ कंदील. खरंच कंदील हो. करंगळीच्या दोन पेरांपेक्षा मोठं नसेल फूल, खाली सुरईसारखं फुगीर, मग बारीक नळी, आणि वर पाच पाकळ्या उभ्या जाऊन टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मधे पाच खिडक्या. नळी हिरवट पांढरी, पाकळ्या आतून गडद जांभळ्या, कडेला बारीक बारीक केस. पानं जाडसर, बोटाने दाबली तर घोळूच्या भाजीसारखी लागली. मित्राची माय म्हणाली ही खरपुडी, लहानपणी आम्ही हिचा कांदा उकरून खायचो, आता दिसत नाही पूर्वीसारखी, या टेकडीवर दोन-तीन वेल उरले असतील.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे दोघं शेजारी शेजारी बसलेत. एक चिलीच्या बेटावर, एक आमच्या टेकडीवर. दोघांचं सगळं आयुष्य एका नळीवर चाललंय, पाखरू फुलाच्या नळीत चोच घालून जगतं आणि फुलाच्या नळीत कुणीतरी शिरल्याशिवाय त्याला शेंग धरत नाही. दोघांची जागा एवढीशी, आणि ती जागा बिघडली तर दुसरीकडे जायला जागा नाही. आता कुणी म्हणेल पक्षी कुठे आणि फूल कुठे, पण मला हे मनापासून वाटलं म्हणून लिहिलं. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

अजून एक, भाचा म्हणतो आपल्या पपईवर संध्याकाळी हमिंगबर्ड येतो, त्याने स्वतः पाहिलाय. मी नाही म्हटलं तर रुसलाय. त्याला काय सांगू?

केळीवाला_भाऊ :

लई भारी धागा भाऊ. आमच्याकडे पण पपईवर येतं ते, भर्र असा आवाज, एका जागी हवेत थांबतं आणि लांब चोच घालतं. मी शेतावरच्या गड्याला विचारलं होतं, हाई काय शे भो, तर तो म्हणे हाऊ पक्षी नही शे. पण काय शे ते त्याला पण सांगता येईना.

रानवेल :

तापीकाठ दादा, गडी बरोबर बोलला. मी जळगावला वनस्पतीशास्त्र शिकवते, दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी मोबाईलवर हाच व्हिडिओ घेऊन येतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, वर अलास्कापासून खाली पार दक्षिण टोकापर्यंत, साडेतीनशेच्या आसपास जाती, पण आपल्याकडे एकही नाही. भाच्याने पाहिला तो हॉक मॉथ, म्हणजे पतंग. त्याची ती लांब चोच नाही, सोंड आहे, काम झालं की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून घेतो. डोक्यावर दोन मिशा दिसतात का ते बघायला सांगा, पाखराला मिशा नसतात. आणि भाच्याला रुसू देऊ नका, त्याने जे पाहिलं ते फार मोलाचं आहे, कारण पपईच्या नर फुलातला पराग मादी फुलावर नेण्याचं मोठं काम हेच पतंग करतात. नर फुलात मध असतो, मादी फुलात नसतो, पतंग संधीप्रकाशात फसून मादी फुलावर पण जातो आणि त्या एका चुकीवर पपई धरते. तुमच्या शेतातल्या पपया त्याच्यामुळे आहेत असं सांगा त्याला.

आता तुमच्या फुलाबद्दल. वर्णनावरून आणि फोटोवरून ही सेरोपेजिया बल्बोसा. कंदीलपुष्प हे नाव या सगळ्या गटाला चालतं, खरपुडी पण म्हणतात. भारतात या गटाच्या पन्नासपेक्षा जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फक्त इथेच सापडतात, काही तर एखाददुसऱ्या गडावर किंवा पठारावरच. सेरोपेजिया हे नाव झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दिलं, ग्रीकमध्ये मेण आणि कारंजं असे दोन शब्द जोडून.

तुमची बल्बोसा मात्र देशात बऱ्याच भागांत आहे, तेव्हा जगाच्या हिशोबाने तिला तुमच्या बेटावरच्या पाखराच्या रांगेत बसवता येणार नाही. पण मित्राच्या आईचं म्हणणं त्याहून महत्त्वाचं आहे. एका माणसाच्या हयातीत एका टेकडीवरून वेल दिसेनासा होतो, हे पुस्तकात नोंदलं जात नाही.

एक विनंती. तुम्ही गावाचं आणि टेकडीचं नाव लिहिलंय ते कृपया आत्ताच काढा. फोटो टाकताना त्यात लोकेशन जातंय का तेही बघा. कंदवर्गीय दुर्मिळ वेलांची जागा कळली की पंधरा दिवसांत तिथे खड्डे दिसतात. माझा अनुभव आहे. एका ठिकाणची कंदीलपुष्पं मी विद्यार्थ्यांना दाखवली, त्यांनी कौतुकाने फोटो टाकले, पुढच्या पावसाळ्यात गेलो तर जमीन उकरलेली. कुणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण जागा आम्हीच सांगितली होती, ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तापीकाठ :

ताई नाव काढलं. फोटो पण लोकेशन काढून परत टाकलाय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आभारी आहे.

भाच्याला फोनवर सांगितलं, तो म्हणे मग पतंग पण चालेल, आज संध्याकाळी मिशा बघतो.

चाळीसगावकर :

धागा आवडला पण मला तुलना थोडी ओढूनताणून वाटते, राग मानू नका. पक्षी उडून जाऊ शकतो, वेल जाऊ शकत नाही. पक्षी फुलाकडे जातो, फूल कुणाची तरी वाट बघत बसतं. तुलना करायचीच तर त्या हमिंगबर्डची आपल्या शिंजीराशी, म्हणजे सनबर्डशी करा, तो पण मध पितो, तो पण चमकतो.

बेटाबद्दल मला माहिती आहे ती देतो, वाचायची आवड आहे. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी १७०४ ते १७०९ एकटा याच बेटावर राहिला होता, त्याच्यावरून पुढे रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट सुचली असं मानतात, म्हणून १९६६ साली चिली सरकारने बेटाला ते नाव दिलं. सेलकर्क शेळ्यांवर जगला, म्हणजे शेळ्या तिथे त्याच्याही आधी जहाजवाल्यांनी सोडलेल्या होत्या. नंतर ससे आले, उंदीर, मांजरं, आणि ब्लॅकबेरीची झुडपं, ती जंगलात अशी माजलीत की तिथली मूळ झाडं उगवू देत नाहीत. बेटाने कधी चरणारं जनावर पाहिलेलंच नव्हतं, तिथल्या बऱ्याच झाडांना स्वतःला वाचवायचं फारसं काही नाही.

तापीकाठ :

राग कसला दादा, तुम्ही तर माझ्याच बाजूने लिहिलंय. ब्लॅकबेरीच्या जागी घाणेरी लिहा, सातपुड्याचं वर्णन होईल. आमच्या टेकडीच्या उत्तरेकडे घाणेरी एवढी माजलीय की बैल शिरत नाही, आणि तिच्याखाली दुसरं काही नाही, नुसती कोरडी माती. खरपुडी उरलीय ती फक्त कपारीत, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही आणि घाणेरीला मूळ धरायला जागा नाही. समुद्रातलं बेट जसं पाण्याने वेढलेलं तशी ती कपार घाणेरीने आणि चराईने वेढलेली आहे, मी तरी तिला बेटच म्हणेन.

आणि पाखरू उडून जाऊ शकतं म्हणता, पण ६७० किलोमीटर समुद्र ओलांडून ते जाईल कुठे? पलीकडे त्याचं झाड नाही.

अमळनेरची_लेक :

मी गेली बारा वर्षं न्यू जर्सीत आहे, माहेर अमळनेर. आमच्या मागच्या अंगणात हमिंगबर्ड येतात, रुबी-थ्रोटेड म्हणतात त्यांना, तुमच्या बेटावरच्यासारखे दुर्मिळ नाहीत, पण रोज बघते म्हणून लिहिते.

एप्रिलच्या शेवटी येतात. मी खिडकीबाहेर साखरपाण्याची बाटली टांगते, एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी, रंग अजिबात घालायचा नाही, मध पण नाही, आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुवायची नाहीतर बुरशी धरते आणि पाखरं आजारी पडतात. वजन तीन ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे किती तर माझ्या आईच्या कानातल्या वेलांपेक्षा कमी. आणि हे तीन ग्रॅम शरद ऋतूत दक्षिणेकडे निघतात, त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, आठशे किलोमीटर पाणी, मधे टेकायला काही नाही. निघायच्या आधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात.

एकदा मी बाल्कनीत लाल ओढणी वाळत घातली होती, तिच्यासमोर येऊन थांबला, माझ्यापासून हातभर लांब. पंख दिसत नाहीत, नुसता धूसर पंखा, आवाज भोवऱ्यासारखा घुमतो आणि चेहऱ्यावर वारा लागतो. गळा काळा दिसत होता, मी म्हटलं हा कुठला वेगळा, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि तो काळा गळा एकदम माणकासारखा पेटला. रंग पिसात नसतोच म्हणे, पिसाची बांधणी अशी असते की ठराविक कोनातून प्रकाश परतला तरच लाल दिसतो. मोराचं असंच, आपल्या शिंजीराचं पण असंच.

घरटं मी एकदाच पाहिलं, अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेलं आणि बाहेरून दगडफूल चिकटवलेलं. कोळ्याचं जाळं कशासाठी तर पिल्लं वाढली की घरटं ताणलं जावं. आत दोन अंडी, वाटाण्याएवढी. त्या दिवशी मला अमळनेरच्या घराच्या पडवीतलं शिंजीराचं घरटं आठवलं, विजेच्या वायरला लोंबकळणारं, ते पण कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं. दोन खंड लांब, दोन वेगळी कुळं, आणि दोघींनी एकच दोरा वापरला.

रानवेल :

ताई किती सुंदर लिहिलंत. वेगळी कुळं हे अगदी खरं. शिंजीर चिमणी-मैनेच्या गोतावळ्यातला, आणि हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. तापीच्या पुलाखाली संध्याकाळी ज्या घिरट्या घालतात त्याच. पाकोळी आणि हमिंगबर्ड, दोघांचं खांद्याजवळचं हाड आखूड आणि मजबूत असतं, म्हणून हमिंगबर्डला पंख खांद्यातून फिरवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलवता येतात, पंख खाली मारताना पण उचल मिळते आणि वर नेताना पण, शिंजीराला ते तसं जमत नाही, तो फुलासमोर क्षणभर फडफडतो आणि मग दांडी शोधून बसतो. म्हणून आपल्याकडची शिंजीराची फुलं बघा, पळस, पांगारा, आंब्यावरचं बांडगूळ, सगळ्यांना बसायला फांदी आहे.

आणि गंमत म्हणजे हमिंगबर्ड कधीकाळी आपल्या बाजूच्या जगात पण होते. जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा हमिंगबर्डचा जीवाश्म सापडलाय, २००४ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, लांब चोच, हवेत थांबण्याजोगे पंख, सगळं तयार. मग इथून का गेले हे मला पण छळतं.

चाळीसगावकर दादांनी शिंजीराशी तुलना करा म्हटलं, पण मला तापीकाठ दादांची जोडीच जास्त आवडली, आणि ती जिथे जुळत नाही तिथे तर अजूनच. हमिंगबर्डचं आणि त्याच्या फुलांचं रोखीचं काम आहे. फूल लाल किंवा केशरी, लांबून दिसणारं, वास बहुतेक नाही कारण पाखरू वासावर जात नाही, आत भरपूर मध, पाखरू येतं, मध पितं, कपाळाला पराग लावून जातं. अँडीज पर्वतात तलवारीसारख्या चोचीचा एक हमिंगबर्ड आहे, त्याची चोच शेपटी सोडून बाकी अंगापेक्षा लांब, पिसं साफ करायला चोच वळतच नाही म्हणून पायाने खाजवतो. तिथल्या एका कृष्णकमळाच्या जातीची नळी एवढी लांब आहे की तिच्या मधापर्यंत जवळपास तोच पोचतो. त्या दोघांचा व्यवहार इतका पक्का की एक गेला तर दुसऱ्याचं कठीण.

कंदीलपुष्पाचा व्यवहार उलटा आहे. ते बारीक माश्यांना बोलावतं, आपल्या नाकाला जेमतेम येईल अशा वासाने. माशी पाकळ्यांच्या खिडकीतून आत बघते, पाय टेकवते, आतली भिंत मेणासारखी गुळगुळीत, घसरते ती थेट नळीत. नळीतले सगळे केस खालच्या दिशेला वळलेले, खाली जाता येतं, वर येता येत नाही. खाली फुगीर खोली, तिच्या भिंतीतून उजेड झिरपतो, माशी उजेडाकडे म्हणजे बाहेर म्हणून जाते आणि नेमकी फुलाच्या गाभ्यापाशी फिरत राहते. तिथे परागाची मेणासारखी पुडी तिच्या सोंडेला चिमट्यासारखी अडकते. मग एखाद दिवसाने केस सुकतात, बऱ्याच जातींत फूल आडवं कलतं, आणि वाट मोकळी. माशी जाते, आणि दुसऱ्या कंदिलात पुन्हा फसते, तेव्हाच ती पुडी जागी बसते.

केळीवाला_भाऊ :

म्हणजे एक दुकानदार आणि एक पिंजरेवाला. ताई त्या माशीला काहीच मिळत नाही का?

रानवेल :

थोडं मिळतं, ते सांगायचं राहिलं. गाभ्याशी लहान वाट्या असतात, त्यात मधाचा थेंब असतो. कैदेत उपाशी मेलेली माशी फुलाच्या कामाची नाही, ती जिवंत बाहेर पडली पाहिजे. म्हणून मी त्याला निव्वळ फसवणूक म्हणत नाही. पण काही जाती फार पुढे गेल्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्या फुलाचा वास कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीच्या वासासारखा असतो, कारण त्याला ज्या माश्या हव्यात त्या अशाच जखमी मधमाशीतून पाझरणारा रस प्यायला धावतात.

आणि हे सगळं आपल्या ओळखीच्या घरातलं आहे बरं का. कंदीलपुष्प रुईच्या कुळातलं. शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई. तिचं फूल भिंगाखाली बघा, तिथे पण परागाची तीच पुडी, फक्त तिला मोठा भुंगा लागतो.

शहादेकर :

मी उशिरा आलो धाग्यावर. जागेचं नाव काढलंत ते फार बरं केलं, का ते आम्हाला विचारा.

आमच्या शहाद्याच्या रानातला रानपिंगळा, ते लहानसं घुबड, सगळ्यांना माहीत असेल. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नव्हता, संपला असंच धरून चालले होते. माइनर्ट्झहॅगन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला मिळाला म्हणून एक नमुना दाखवला होता, लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले, आणि नंतर कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, वरची चिठ्ठी फक्त नवी. मग खरे जुने नमुने जिथून गेले होते तिकडे, म्हणजे आमच्याकडे, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे पक्षी शोधणारे आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला. भर दिवसा, फांदीवर बसलेला. एका खोट्या चिठ्ठीने केवढा काळ खाल्ला बघा. म्हणून मी तरी म्हणतो की नोंद खरी हवी, पण ती योग्य माणसाकडे हवी. चव्हाट्यावर नको.

रानपिंगळा सापडला याचा आम्हाला आजही अभिमान आहे, पण त्याच्यामागे कॅमेरेवाले पण आले. काही जण मोबाईलवर त्याची हाक वाजवतात, बिचारा दुसरा नर आला समजून पिल्लांचं सोडून भांडायला येतो. मी स्वतः दोनदा लोकांना थांबवलंय. पाखराला पंख आहेत, तो निदान दुसऱ्या झाडावर जातो. कंद जमिनीत असतो, तो कुठे जाणार.

तुलनेत माझी एक भर. आमच्याकडे चैत्र-वैशाखात सातपुडा नुसता भाजतो, गवताला वणवे लागतात, आणि तरी पाऊस पडला की हे कंदवाले वेल वर येतात. हमिंगबर्डचं असं काही आहे का?

रानवेल :

आहे, आणि तुम्ही नेमकं तेच विचारलंत जे मला सुचलं नव्हतं.

हमिंगबर्डचं हृदय उडताना मिनिटाला हजारच्या वर ठोके घेऊ शकतं. एवढी धगधगती भट्टी रात्री बिनमधाची चालवायची कशी? तर बऱ्याच जाती रात्री भट्टीच विझवतात. श्वास मंद, ठोके मंद, अंग गार, फांदीवर दगडासारखं बसून. पेरू देशात अँडीजच्या थंडीत मोजलेल्या एका हमिंगबर्डचं अंग ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं होतं, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. सकाळी थरथरून थरथरून पुन्हा गरम होतो आणि उडतो. म्हणजे त्याचा उन्हाळा रोज रात्री येतो, आणि कंदीलपुष्पाचा वर्षातून एकदा येतो, ते आठ महिने कंदात निजून राहतं. दोघं साठवणीवर जगतात, एकाची साठवण रात्र काढण्यापुरती चरबी, दुसऱ्याची कांद्याएवढा कंद. म्हणून तो कंद उकरून खाणं म्हणजे निजलेल्याला उचलून नेणं. पूर्वी वेल भरपूर होते तेव्हा पोरांनी चार खाल्ले तर काही बिघडत नव्हतं, मित्राच्या आईचा त्यात काही दोष नाही, त्यांनी निदान ओळख ठेवलीय, नाव सांगितलं, माझ्या वर्गातल्या मुलांना नाव पण माहीत नसतं.

चाळीसगावकर :

मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. तुलना ओढूनताणून नाही.

बेटाचं अजून एक सांगतो. त्या पाखराचं आवडतं एक झाड आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं, पानं कोबीसारखी मोठी आणि फुलं केशरी, खाली लोंबणारी. ते पण फक्त त्याच बेटांवर. शेळ्या-सशांनी खाऊन खाऊन १९८० च्या सुमाराला रानात अगदी मोजकी झाडं उरली होती. मग बेटावरच्या एकुलत्या एका गावात लोकांनी ती आपापल्या अंगणात लावली आणि पाखरं गावात यायला लागली. पुढे २७ फेब्रुवारी २०१० च्या भूकंपानंतर त्सुनामी आली, गावातली काही माणसं दगावली, किनाऱ्याकडची घरं आणि बागा धुऊन गेल्या. तिथल्या माणसाचं आणि पाखराचं अंगण एकच होतं हे मला ते वाचताना जाणवलं.

अमळनेरची_लेक :

अंगणात लावली हे वाचून बरं वाटलं. तापीकाठ दादा, खरपुडी पण अशी अंगणात लावता येईल का?

रानवेल :

बियांपासून येते, पण बी रानातून ओरबाडून आणायचं नाही. एका वेलाला दोनच शेंगा असतील तर त्या तिथेच उकलू द्याव्यात. कंद तर हलवायचाच नाही. आणि कुणी नर्सरीवाला कंद विकत असेल तर तो कुठून आणला ते विचारा, रोपवाटिकेत वाढवलेला की डोंगरातून उपटलेला, उत्तर देताना अडखळला तर घेऊ नका.

तापीकाठ :

मंडळी, महिनाभराने परत लिहितोय, मधे केळीची कापणी होती.

काल टेकडीवर जाऊन आलो. फुलं संपलीत. कपारीतल्या वेलाला दोन शेंगा लागल्यात, एकाच देठावरून निघालेल्या, बारीक आणि टोकदार, लहान गोऱ्ह्याच्या शिंगांसारख्या वर उभ्या. म्हणजे कुठली तरी एक माशी या कंदिलातून सुटून परत दुसऱ्या कंदिलात गेली होती, आणि ती बोटभर शिंगं बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा यावर्षी केळीच्या भावाने पण झाला नाही.

दुसरा वेल गवत कापताना गेला. खालच्या अंगाला होता, विळ्यात आला, कापणाऱ्या बाईला दिसला पण नसेल. कंद आत असेल अशी आशा आहे. मित्राच्या मायने वरच्या वेलाभोवती बोरीच्या काट्या आणून लावल्यात, मी काही सांगितलं नव्हतं, तिनेच लावल्या, म्हणे शेळ्या याच वाटेने उतरतात. मी तिला मोबाईलवर त्या बेटावरचं पाखरू दाखवलं. तिने दोनदा बघितलं, मग विचारलं, तिकडे पण शेळ्या शेत का.

भाच्याने चार दिवस पपईखाली बसून व्हिडिओ काढलाय, मिशा स्पष्ट दिसतात, सोंड गुंडाळताना पण दिसते. उद्या इथे टाकतो. लोकेशन बंद करून.

रानवेल :

टाका नक्की, वर्गात दाखवीन. आणि शेंगांवर लक्ष ठेवा दादा, उकलल्या की आतून रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात, एकेका बीला रेशमी शेंडी. वारा कुठल्या बाजूचा होता ते लिहून ठेवा, पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूच्या कपारी बघू.

तापीकाठ :

पश्चिमेचा असतो इथे. लिहून ठेवतो.